सोफ्याचं दुसरं टोक

“आधी सोफा!” मिसेस मेबरी दारातून ओरडल्या. “बाकीचं मागून!”

बाकीचं म्हणजे घराची कागदपत्रं, बायबल, कपड्यांची ट्रंक, त्यांचे यजमान आणि मी. पलीकडच्या तिसऱ्या घराच्या छपरातून ज्वाळा निघत होत्या. कोपऱ्यावर काचा फुटत होत्या. वर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं. आणि ल्युशस मेबरी व मी, तिघांनी बसायचा सोफा दोघांनी उचलायचा कसा, यावर वाद घालत होतो.

१९६७ सालचा जुलै. शहराचं नाव सांगत नाही. त्या उन्हाळ्यात अमेरिकेतली इतकी शहरं पेटली होती की वाचकाने डोळे मिटून नकाशावर बोट ठेवलं तरी फारसं चुकणार नाही. मी अकोल्याहून इंजिनियरिंगचं पुढचं शिक्षण घ्यायला गेलो होतो आणि काळ्यांच्या वस्तीत, मेबरींच्या घरी, वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. गोऱ्यांच्या वस्तीत खोली मागायला गेलो की ती नुकतीच गेलेली असायची. माझ्या डोळ्यांदेखत अशा अकरा खोल्या नुकत्याच गेल्या. मिसेस मेबरींनी मात्र दारात एकच प्रश्न विचारला.

“चर्चमध्ये जातोस?”

“देवळात जातो.”

“जातोस ना कुठेतरी? मग ये.”

खानझोडे हे आडनाव त्या घरात कोणाला पेललं नाही. पहिल्याच संध्याकाळी मिस्टर मेबरींनी त्याचं ‘मिस्टर कॅन’ करून टाकलं. ते टपाल खात्यात पोस्टमन होते. एकोणीस वर्षांची नोकरी, आणखी एक वर्ष भरलं की पूर्ण पेन्शन. लोकांची अवघड नावं रोज वाचणाऱ्या माणसाने माझ्यापुढे हात टेकले याचा मला थोडा अभिमानच वाटला.

आता सोफ्याविषयी. दुधी रंगाचा, नक्षीदार पायांचा. अकरा वर्षांपूर्वी घेतलेला. घेतला त्याच आठवड्यात मिसेस मेबरींनी त्याला जाड, पारदर्शक प्लास्टिकचं आवरण शिवून घेतलं होतं, आणि त्यानंतर त्याच्यावर बसायचा अधिकार जगात दोघांनाच होता. एक म्हणजे त्यांच्या चर्चचे पाद्री, तेही ईस्टरला. दुसऱ्या त्यांच्या आई, आणि त्या भिंतीवरच्या फोटोत होत्या. बाकीच्यांनी खुर्चीवर बसून सोफ्याकडे बघायचं.

तर तो सोफा आम्ही उचलला. पुढच्या टोकाला मिस्टर मेबरी, बनियनवर, घामाने निथळत. मागच्या टोकाला मी, गरम कापडाच्या थ्री-पीस सुटात, टाय लावून. कारण साधं होतं. अकोल्याच्या शिंप्याने शिवलेला तो माझा एकुलता एक सूट होता, आणि जळत्या घरातून कपडे वाचवायचे तर ते अंगावर घालणं हा मला सर्वांत सोपा मार्ग वाटला. आत तीन शर्टही होते.

“मिस्टर कॅन,” मिस्टर मेबरी मागे वळून म्हणाले, “कुणाच्या लग्नाला निघालास?”

रस्त्याच्या मध्यावर आलो आणि पोलिसांची गाडी आडवी आली. एक तरुण अधिकारी बंदूक रोखून उतरला. त्याने एकदा सोफ्याकडे पाहिलं, एकदा मिस्टर मेबरींकडे, एकदा माझ्याकडे. मग त्याने मला एक प्रश्न विचारला आणि मी त्याला एक उत्तर दिलं. ते उत्तर मी आत्ताच सांगत नाही. पहिल्याच पानावर वाचकाने मला सोडून जावं असं मला वाटत नाही.

एवढं सांगतो की अर्ध्या मिनिटात सोफ्याचं पुढचं टोक हातकड्यांत होतं आणि मागचं टोक फुटपाथवर मोकळं उभं होतं. गाडीत मिस्टर मेबरी गेले. मागून आलेल्या पोलिसांच्या ट्रकमध्ये सोफा गेला. मिसेस मेबरी बायबल घेऊन धावत बाहेर आल्या, तोवर रस्ता रिकामा झाला होता.

आणि वारा फिरला. दोन घरांवर येऊन आग थांबली. मेबरींच्या घराला धगसुद्धा लागली नाही. सगळं जसंच्या तसं होतं. फक्त सोफा गेला होता, आणि नवरा.

त्या आठवड्यात शहरात माणसं मेली. त्यावर विनोद करता येत नाही, म्हणून मी सोफ्यावर करतोय.

हजारोंनी माणसं पकडली होती. तुरुंग भरले तेव्हा त्यांना बसमध्ये कोंबून ठेवलं. बस भरल्या तेव्हा मोटारींच्या गराजमध्ये. जामिनाची रक्कम सगळ्यांना सारखीच होती, म्हणजे कोणालाच भरता येणार नाही एवढी. मिस्टर मेबरींवरचा आरोप असा: कोपऱ्यावरच्या फर्निचरच्या दुकानातून दुधी रंगाचा सोफा लुटून नेला. त्या दुकानदाराचा तसाच एक सोफा खरोखर नाहीसा झाला होता. आरोप शाबीत झाला तर तुरुंग, आणि त्याआधी टपाल खात्यातून हकालपट्टी. एकोणीस वर्षं पाण्यात.

बाहेर दरम्यान दंगलीची कारणं शोधायचं काम जोरात सुरू झालं. रेडिओ म्हणाला, उकाडा. महापौर म्हणाले, बाहेरून आलेले लोक. बाहेरून आलेला मी एकटाच माझ्या ओळखीचा होतो, म्हणून मी दोन दिवस खोलीबाहेर पडलो नाही. आमच्या विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी सात कारणं काढली आणि प्रत्येकाचा आलेख काढला.

मी तुरुंगात भेटायला गेलो तेव्हा ती कारणं मिस्टर मेबरींना वाचून दाखवली. जाळीपलीकडे ते हनुवटी खाजवत ऐकत होते.

“सातच?” ते म्हणाले. “मला मागच्या वर्षी पोलिसांनी नऊ वेळा थांबवलं. पोस्टमनच्या गणवेशात. ‘पिशवीत काय आहे?’ म्हटलं, पत्रं. ‘कुणाची?’ आता मिस्टर कॅन, तूच सांग. पोस्टमनच्या पिशवीत कुणाची पत्रं असतात?”

“लोकांची.”

“तेच सांगितलं. तर म्हणतो कसा, ‘मग तुझ्याकडे कशी आली?’”

ते हसले. जाळीच्या आजूबाजूचे तिघेचौघे अनोळखी कैदीही हसले.

“आमच्या कोठडीत अठरा जण आहेत,” ते म्हणाले. “मी सगळ्यांना विचारलं, बाबांनो, कशात आलात? एक म्हणे बूट. एक म्हणे मी माझ्या पायरीवर बसलो होतो. एक म्हणे ठाऊक नाही, तुम्हीच सांगा. हे सगळं घाल म्हणावं आलेखात.”

मग त्यांनी बायकोचं नाव घेत आवाज खाली आणला. “अर्व्हेलाला ते सांगितलंस?”

“नाही,” मी म्हटलं.

“नकोच सांगू. मी सुटेपर्यंत तरी जेवशील.”

जेवायचं म्हणाल, तर तेच माझ्या जिवावर आलं होतं. मिसेस मेबरींच्या लेखी त्या दिवशी नवऱ्याच्या मदतीला सोफ्याला हात लावणारा मी एकमेव माणूस होतो. त्या मला रोज रताळ्याची ‘पाय’, म्हणजे मैद्याच्या पारीत गोड सारण भरून भाजलेला त्यांच्याकडचा पदार्थ, करून वाढत. “खा बाळा,” त्या म्हणायच्या, “तू होतास म्हणून तो एकटा तरी नव्हता.” मी खायचो. असं गोड खाणं मी आयुष्यात पुन्हा खाल्लं नाही, आणि असं कडूही.

दोन आठवड्यांनी सरकारने एक फुकटचा वकील दिला. मिस्टर झिमर. त्यांच्याकडे त्या दिवशी एकतीस आरोपी होते आणि ते मिस्टर मेबरींना ‘मिस्टर मॅडली’ म्हणत होते. ते आमच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या रिकाम्या जागेसमोर खुर्ची ओढून बसले.

“पावती?”

“दुकान आठ वर्षांपूर्वी बंद पडलं,” मिसेस मेबरी म्हणाल्या. “पावती कुठे गेली देव जाणे.”

“साक्षीदार? तुम्ही सोडून. बायकोचं कोणी ऐकत नाही.”

“अख्खी गल्ली सांगेल.”

“अख्खी गल्ली तुरुंगात आहे,” झिमर म्हणाले. “हे बघा मॅडम, पंचाईत कशी आहे, मी तो सोफा पाहिला. प्लास्टिकमध्ये आहे. कोरा करकरीत. न्यायाधीश म्हणणार, हा आज सकाळी दुकानातून आलाय. अकरा वर्षं वापरलेला सोफा असा असतो का? काहीतरी खूण हवी. एखादा ओरखडा. उसवण. डाग.”

मिसेस मेबरी उठून उभ्या राहिल्या. बाई सहा फुटांना दोन बोटं कमी होत्या.

“डाग?” त्या म्हणाल्या. “माझ्या सोफ्यावर? एक डाग दाखवा, मी भर कोर्टात गुडघे टेकेन!”

“मग अवघड आहे,” झिमर म्हणाले आणि बॅग बंद करू लागले.

मी त्या वेळी रताळ्याची ‘पाय’ खात होतो. चमचा खाली ठेवला.

डाग होता.

मार्चमध्ये मेबरी दांपत्य चर्चच्या अधिवेशनाला तीन दिवस परगावी गेलं होतं. त्याच दिवशी अकोल्याहून आईने पाठवलेला कैरीच्या लोणच्याचा डबा पोचला होता. मी दहीभात कालवला, आणि ज्या मोहाने पुराणातले मोठमोठे ऋषी घसरले तसा मोह मला झाला. सोफ्यावर बसून जेवायचं. प्लास्टिकवर बसलो तर ते चिकटून करकरायला लागलं, म्हणून मागची चेन उघडून आवरण काढलं. पाच मिनिटं मी राजा होतो. सहाव्या मिनिटाला लोणच्याची फोड निसटली.

हळद आणि तेल. मी धावत जाऊन साबण आणला आणि घासला. ज्याला आई आहे अशा कुठल्याही मराठी माणसाला पुढे काय होतं ते ठाऊक असतं. मला त्या क्षणी आठवलं नाही. पिवळा डाग कुंकवासारखा लाल झाला. मी घाबरून पाणी ओतलं. पुन्हा पिवळा झाला, जरा पसरून. शेवटी मी गादी उलटी केली, आवरण चढवलं, चेन लावली आणि पुढचे चार महिने खुर्चीवर बसून आदराने सोफ्याकडे बघत राहिलो.

मिस्टर झिमर दारापुढच्या पायऱ्या उतरत होते. मी त्यांना फाटकाशी गाठलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी बॅग खाली ठेवली.

“डाग आहे?” त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले. “खरंच? किती मोठा?”

“तळहाताएवढा.”

“देव तुझं भलं करो!” ते म्हणाले. माझ्या घाणेरड्या जेवणाबद्दल मला मिळालेला तो एकमेव आशीर्वाद.

कोर्टाच्या दिवशी सोफा दारातून आत जाईना. शिपायांनी आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला. शेवटी न्यायाधीश कंटाळून म्हणाले, “सोफा येत नसेल तर आपण जाऊ,” आणि सगळं कोर्ट बाहेर व्हरांड्यात आलं. न्यायाधीश म्हातारे होते. तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ हेच करत होते. त्यांनी सोफ्याकडे पाहिलं तेव्हा मला वाटलं, हे आता बसतात. मिसेस मेबरींनाही तसं वाटलं असावं, कारण त्या एक पाऊल पुढे आल्या.

मिस्टर मेबरी तुरुंगाच्या कपड्यात दोन शिपायांमध्ये उभे होते. बारीक झाले होते. मला पाहून त्यांनी भुवया उंचावल्या. मी पुन्हा सुटात होतो.

मी शपथ घेतली आणि आवरण काढायच्या आधीच सांगितलं, “मधली गादी. खालची बाजू. पाठीकडचा डावा कोपरा. आकार साधारण लंकेसारखा.”

शिपायाने चेन उघडली, गादी उलटली. लंका होती.

माझ्या मागे मिसेस मेबरींनी घेतलेला श्वास मला ऐकू आला. तो बाहेर आल्याचं मात्र ऐकू आलं नाही.

“हा वॉर्निशचा डाग आहे,” सरकारी वकील म्हणाले. “दुकानातच लागला असेल.”

“हळदीचा आहे,” मी म्हटलं. “साबण मागवा.”

न्यायाधीशांनी मान हलवली. शिपायाने बाथरूममधून साबणाची वडी आणली. मी रुमाल ओला केला, साबण लावला आणि घासला. बघता बघता अख्खी लंका लाल झाली. बाकावर बसलेल्या एका म्हातारीने “जीझस!” म्हणून छातीला हात लावला.

“रक्त आहे का हे?” न्यायाधीशांनी विचारलं.

“नाही साहेब. आता पाणी टाकतो.” पाणी टाकलं. पुन्हा पिवळी झाली.

“पुन्हा करा,” न्यायाधीश म्हणाले. मी पुन्हा केलं. त्यांनी तिसऱ्यांदाही करायला लावलं, आणि ती केवळ न्यायबुद्धी होती असं मला वाटत नाही. मग मी शपथेवर सांगितलं की त्या वस्तीत लोणचं खाणारा मी एकटाच आणि हा डाग मार्चमधला आहे.

त्या लोकांच्या साध्या मोहरीच्या सॉसमध्येही हळद असते आणि त्याचाही डाग साबणाने असाच लाल होतो, हे सरकारी वकिलांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. वीस वर्षांनी कळलं. खटला पुन्हा उघडू नये म्हणून मी ते आजवर कोणाला बोललो नाही.

“एकच प्रश्न,” सरकारी वकील म्हणाले. त्यांच्या हातात एक कागद होता. “हा सोफा उचलणाऱ्यांत तुम्ही होता?”

“हो. मागचं टोक माझ्याकडे होतं.”

“आमच्या अधिकाऱ्याने त्या दिवशी तुम्हाला काय विचारलं?”

मी ओल्या रुमालाची घडी केली.

“त्याने विचारलं,” मी म्हटलं, “‘सर, हा माणूस तुम्हाला त्रास देतोय का?’”

“तेव्हा सोफा कुठे होता?”

“आमच्या दोघांच्या हातात.”

कोणीतरी हसलं. न्यायाधीशांनी तिकडे पाहिलं.

“आणि तुम्ही काय उत्तर दिलंत?”

मी मिस्टर मेबरींकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. माझी लाज त्यांना बघायची नव्हती, असं मला वाटलं.

“मी म्हटलं, ‘मी ह्याला ओळखत नाही.’”

“म्हणजे तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?”

“तेव्हा.”

“का?”

मी तीन आठवडे या प्रश्नाची छान छान उत्तरं तयार केली होती. व्हिसा. अर्धवट राहिलेलं शिक्षण. घरी म्हातारे आईवडील. सगळी एका झटक्यात विसरलो.

“त्याच्या हातात बंदूक होती,” मी म्हटलं. “आणि तो मला सर म्हणाला. या देशात तोवर मला कोणी सर म्हटलं नव्हतं.”

सरकारी वकिलांनी कागद घडी करून खिशात घातला. न्यायाधीशांनी गादीवरच्या डागाला बोट लावून पाहिलं.

“तरुण माणसा,” ते शेवटी म्हणाले, “तुझ्यावर कोणी विश्वास का ठेवावा ते मला कळत नाही. डागावर मात्र माझा विश्वास बसलाय.” आणि मिस्टर मेबरींना त्यांनी सोडून दिलं. सगळं मिळून बावीस मिनिटं लागली. पुढचा खटला बुटांचा होता.

मिसेस मेबरींनी गुडघे टेकले नाहीत. त्यांनी नवऱ्याच्या गळ्यात हात टाकला, त्याची कॉलर सरळ केली, डोळे पुसले आणि मग माझ्याकडे वळल्या. मी खोली सोडायची मनाची तयारी करून आलो होतो. ट्रंकसुद्धा बांधून ठेवली होती.

“दोन गोष्टी आहेत,” त्या म्हणाल्या. “एक डाग. तो माझा आणि तुझा. तो तू काढायचास, कसाही, नाहीतर लग्न होईपर्यंत घासत बसशील. दुसरी तुझी आणि त्याची. तिच्यात मी पडत नाही.”

सोफा सरकारी ट्रकने मागून येणार होता. आम्ही तिघे बसमध्ये बसलो. मिसेस मेबरी पुढच्या बाकावर ताठ बसल्या, आम्ही दोघे मागे. बाहेर जळक्या दुकानांची रांग सरकत होती. काहींना फळ्या ठोकल्या होत्या, काहींच्या दारात मालक खुर्ची टाकून बसले होते, आत दुकान नसलं तरी. मिस्टर मेबरी प्रत्येक नंबर वाचत होते. त्यांची टपालाची फेरी त्याच रस्त्याने होती.

“ह्यांची पत्रं आता कुठे टाकायची?” ते स्वतःशीच म्हणाले.

मी टायची गाठ सैल केली. मग धीर करून विचारलं, “मिस्टर मेबरी, समजा उलटं असतं. सूट तुमच्या अंगावर आणि मी बनियनवर. त्या पोलिसाने तुम्हाला तेच विचारलं असतं, तर तुम्ही काय सांगितलं असतंत?”

त्यांनी खरोखर विचार केला. त्यांची ती सवयच होती. माझे मूर्ख प्रश्नसुद्धा ते पत्त्यासारखे नीट वाचत.

“मी सुटात,” ते म्हणाले.

“हो.”

“टाय लावून.”

“हो.”

“आणि तू बनियनवर, घामाने भिजलेला.”

“हो.”

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हसू आवरत मान हलवली.

“मिस्टर कॅन,” ते म्हणाले, “तरीही त्याने तुलाच विचारलं असतं.”